आठ पोर्टांचा स्विच आणि ताईचे हसू

मित्रांनो, मी एक जुना स्विच आहे. थांबा, भिंतीकडे बघू नका! दिवा लावायचा, पंखा फिरवायचा, तो स्विच वेगळा. त्याला सगळे ओळखतात, येता-जाता त्याच्या नाकावर टिचकी मारतात. मी म्हणजे एक लोखंडी डबी, तुमच्या कंपासपेटीहून जराशी रुंद. माझ्या तोंडावर एका रांगेत आठ चौकोनी भोके आहेत. त्यांना पोर्ट म्हणतात. प्रत्येक पोर्टापाशी एक बारीक हिरवा दिवा आहे. घरातले संगणक, प्रिंटर वगैरे मंडळी वायरीने माझ्याशी जोडलेली असतात आणि त्यांचे निरोप मी या पोर्टातून त्या पोर्टात पोहोचवतो. दिवसभर इकडचे तिकडे करतो, पण चहाडी म्हणून कधी केली नाही. ज्याचा निरोप त्यालाच देतो.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. हिरव्या पट्टीवर चिमुकले भाग बसवले, त्यावर लोखंडी कवच चढवले आणि मला तपासणीच्या टेबलावर ठेवले. तिथल्या बाईंनी माझ्या आठही पोर्टांत वायरी खुपसल्या. आठही दिवे लागले. बाईंनी नुसती मान डोलावली आणि पुढचा नग उचलला. मित्रांनो, ती माझी पहिली शाबासकी. अजून आठवली की दिवे लुकलुकतात.

मग मी एका दुकानाच्या फळीवर येऊन बसलो. माझ्या डाव्या हाताला पाच पोर्टांचा प्लॅस्टिकचा धाकटा होता. उजव्या हाताला होता मॅनेज्ड स्विच, आमच्यातला थोरला आणि शहाणा. त्याला पासवर्ड होता. संगणकावर त्याचे स्वतःचे पान उघडायचे. कोणाला आत घ्यायचे, कोणाला नाही, कोणाला आधी वाट द्यायची, हे सगळे त्याला शिकवता यायचे. मी पडलो अनमॅनेज्ड. मला ना पासवर्ड, ना पान. वायर लावा, मी चालू. थोरला मला म्हणायचा, "तुला कोण नेणार रे, बाबा?"  खरे सांगायचे तर मलाही तीच काळजी होती.

एका दुपारी तीन माणसे दुकानात शिरली. एक ताई, तिचा धाकटा भाऊ आणि वहिनी. ताईचा धंदा आवाजाचा. मुलांच्या गोष्टी ती आवाज बदलून बदलून सांगायची. चिमणी, राजकन्या, रडवे बाळ, सगळे तिच्या एका गळ्यात राहायचे. भाऊ त्या गोष्टी टिपून, कापून, जोडून तयार करायचा. वहिनी कामे मिळवायची आणि या बहीण-भावांना ताळ्यावर ठेवायची. त्यांचे कार्यालय म्हणजे घरातलीच एक खोली. भिंतींना रजया लावलेल्या, दार जाडजूड. दार लावले की वायफायचा जीव जायचा आणि लांबून ऐकणाऱ्यांना ताईचा आवाज तुटक ऐकू यायचा. म्हणून त्यांना वायरी टाकायच्या होत्या.

"किती वस्तू जोडायच्या आहेत?" दुकानदाराने विचारले.

वहिनी बोटांवर मोजू लागली. "ताईंच्या खोलीतला संगणक, ह्यांचा संगणक, फायली साठवायची पेटी, प्रिंटर. आणि राउटरकडून येणारी वायर."

"पाच झाले. मग हा पाचवाला बास की!" भाऊ म्हणाला. प्लॅस्टिकचा धाकटा आनंदाने जागच्या जागी हलल्यासारखा मला वाटला.

"पाचवाला आजच भरून जाईल," दुकानदार हसला. "उद्या काही नवीन घेतलंत की परत माझ्या दारात. मला काय, या की! पण माझं ऐकाल तर आठवाला न्या. वेगही चांगला आहे, मोठ्या फायली असतात ना तुमच्या? तुमच्याकडे कॅमेरे, भिंतीवरचे फोन, असं काही आहे का, की ज्याला वायरीतूनच वीज द्यावी लागते?"

"नाही हो."

"मग त्या प्रकारात पडूच नका."

भाऊचा डोळा मात्र थोरल्यावर होता. "हा बघ ना, याला केवढी सेटिंग्ज आहेत!"

"सेटिंग्ज आहेत, पण ती करणार कोण?" वहिनी म्हणाली. "आपल्या घड्याळाचा गजर तुम्हाला अजून बदलता आलेला नाही. रोज सगळं घर उगाच उठतं."

दुकानदार म्हणाला, "मोठं ऑफिस असेल, माणसं पुष्कळ असतील, तर तो हवाच. चार माणसांच्या घरात हा अनमॅनेज्ड लावायचा आणि विसरायचं."

 आता ताई पुढे झाली. "मला एकच सांगा. याच्यात पंखा आहे का?" तिचा प्रश्न उगाच नव्हता. मागे भाऊने एका बंद पडलेल्या कार्यालयातून जुना भलामोठा स्विच उचलून आणला होता. त्याच्या पोटात पंखा होता. "माझी चिमणी बोलायला लागली की मागे पिठाची गिरणी चालू आहे असं वाटायचं," ताई म्हणाली. "याला चालू करून दाखवा."

दुकानदाराने मला वीज दिली. ताईने मला उचलले आणि सरळ कानाला लावले. गिऱ्हाइके बघायला लागली. तिने डोळे मिटले, श्वास रोखला आणि जिवाचा कान करून ऐकले.

"बंद आहे हा."

"चालू आहे, बाई. दिवे बघा की!"

ताईने डोळे उघडले आणि खुदकन हसली. "मग हाच! हा माझ्यासारखा नाही, याला गप्प बसता येतं."

मित्रांनो, मला पंखा नाही, पान नाही, पासवर्ड नाही. जे नव्हते त्यासाठीच मला निवडले. थोरल्याकडे मी मागे वळून बघणार होतो, पण तोवर मला पिशवीत टाकले होते.

घरी माझी गाठ नानांशी पडली. नाना म्हणजे ताईचे आणि भाऊचे वडील. त्यांना कुठलीही गोष्ट वाकडी, लोंबती किंवा उघडी दिसली की चैन पडत नसे. त्यांनी रजयांच्या खोलीबाहेरच्या बोळात, प्रिंटरच्या टेबलाच्या वर, मला भिंतीला टांगले. दोनदा काढून परत टांगले, कारण मी म्हणे केसभर तिरका होतो. वायरी दोऱ्याने बांधून अशा बसवल्या की बघत राहावे. मग त्यांना वाटले, याच्यावर धूळ बसेल. म्हणून त्यांनी माझ्यावर एक भरतकामाचा रुमाल घातला. रुमाल सुंदर होता, पण माझ्या कुशीतले झरोके झाकले गेले आणि मी तव्यासारखा तापलो. वहिनीने हात लावून बघितला आणि रुमाल काढला.

"नाना, याला नाक आहे. दाबू नका."

"बरं, बरं," नाना म्हणाले. दुसऱ्या दिवशी त्यांनी लहान रुमाल घातला. तोही निघाला.

ती वर्षे फार सुखाची होती. दार लावलेले असायचे, आत ताई कधी चिमणी व्हायची, कधी हट्टी राजकन्या, आणि तिचा आवाज माझ्या पोटातून धावत जाऊन भाऊच्या संगणकात पोहोचायचा. एकही शब्द मी सांडला नाही. भाऊसुद्धा एकदा माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाला, "गुणी आहे हो हा डबा!" पुढे पुढे मात्र माझ्याकडे कोणी बघेनासे झाले. आमच्या धंद्यात तसेच असते. आम्ही नीट चाललो की आम्ही दिसतच नाही. मला त्याचे वाईट वाटत नव्हते. आत ताई बोलत होती, तेवढे मला पुरत होते.

मग एके वर्षी ताईच्या घशात गाठ निघाली. गाठ साधी होती, डॉक्टरांनी ती व्यवस्थित काढली आणि काही आठवडे तोंड बंद ठेवायला सांगितले. आठवडे सरले, पण ताई बोलेना. कारण बोलले की गळ्यातून दुसरेच कोणी बोलायचे. तो आवाज जाडा होता, खरखरीत होता. एकदा तिने खोलीत जाऊन हळूच चिमणी करून बघितली. चिमणी अर्ध्यातच फाटली. ताईने कानावरचे हेडफोन काढून खुंटीला अडकवले, बाहेर आली आणि दार ओढून घेतले. त्यानंतर घरात कुणाला बोलवायचे असले तर ती टाळी वाजवायची. हसायची सुद्धा ओठ मिटून.

तिच्या खोलीच्या पोर्टाचा माझा दिवा विझला. बाकीचे दिवे चालू होते. भाऊ दुसऱ्यांची किरकोळ कामे करत होता. माझ्यावर धूळ साठली आणि नानांनीसुद्धा ती पुसली नाही. नाना धूळ पुसत नाहीत म्हणजे घरात किती दुःख होते ते तुम्हीच समजा, मित्रांनो. मला त्या दिवसांत फार एकटे वाटायचे.

वहिनी मात्र हातावर हात ठेवून बसणारी नव्हती. एक दिग्दर्शिका मुलांसाठी श्राव्य नाटक करत होती. तिला राजकन्येच्या आईचा आवाज हवा होता. वहिनीने परस्पर ताईचे नाव कळवले. चाचणी थेट होणार होती. ताईने आपल्या खोलीत बसून बोलायचे, आणि दूर कुठेतरी दिग्दर्शिकेने पाच-सहा मुलांना जवळ बसवून ते ऐकायचे. कळल्यावर ताई रागावली. शेवटी त्या नव्या आवाजात म्हणाली, "एकदाच हं, वहिनी. आज नाही जमलं, तर ही खोली रिकामी करून टाकायची. नानांना झोपायला होईल."

नाना बोळात उभे होते. त्यांनी ते ऐकले.

चाचणी सुरू झाली. माझा विझलेला दिवा पेटला आणि ताईचा आवाज किती दिवसांनी पुन्हा माझ्यातून गेला! पण तो चाचपडत होता. "बाळा, ये माझ्याजवळ," ताई म्हणायची, आणि 'बाळा'वरच आवाजाला खरचटायचे. "जरा मऊ," दिग्दर्शिका सांगायची, "पुन्हा घेऊ या." पुन्हा तेच. एका मुलाने तिकडे जांभई दिली, तीही माझ्यातूनच आली. मी ती ताईला पोहोचवली, कारण निरोप गाळायची मला मुभा नाही.

बाहेर नानांचा जीव टांगणीला लागला होता. आणि नानांचा जीव टांगणीला लागला की त्यांचे हात घर आवरायला लागतात. त्यांनी चपला ओळीत लावल्या, टेबल पुसले, मलाही पुसले. मग त्यांना एक वायर दिसली. भाऊने आदल्या दिवशी प्रिंटर दुरुस्तीला नेला होता. त्याच्या वायरीचे एक टोक माझ्यात होते आणि दुसरे टेबलावरून खाली लोंबत होते. कुणाच्या पायात आले तर? आणि तेही आजच्या दिवशी! नानांनी ते टोक उचलले, फुंकर मारून साफ केले, माझा एक मोकळा पोर्ट शोधला आणि टक् करून बसवून टाकले. वर समाधानाने मान डोलावली.

आणि माझ्या पोटात वादळ उठले!

त्याचे असे असते. काही निरोप 'सगळ्यांनी ऐका' अशा जातीचे असतात. ते मी सगळ्या पोर्टांतून पाठवतो. आता तसा एक निरोप एका पोर्टातून बाहेर पडला, वायरीने वळसा घालून दुसऱ्या पोर्टातून परत माझ्याच पोटात आला. मला वाटले, नवा निरोप! मी तो पुन्हा सगळ्यांना पाठवला. तो पुन्हा आला. एकाचे शंभर झाले, शंभराचे लाख. माझे सगळे दिवे वेड्यासारखे एकदम फडफडू लागले. थोरला असता तर त्याने ही भानगड ओळखून ती वायर तिथल्या तिथे बंद केली असती, हे मी मोकळ्या मनाने सांगतो. मला तेवढी समज नाही. माझ्यात जे घालाल ते मी इमानाने फिरवतो.

आत ताईच्या कानातला आवाज तुटला आणि सगळे शांत झाले. तिने हेडफोन काढून टेबलावर ठेवले. दार उघडून ती बाहेर आली. "गेले ते," ती म्हणाली. "कंटाळून बंद केलं असेल. बरंच झालं." तिचे डोळे भरले होते.

"छे गं! इंटरनेटच गेलंय," भाऊ धावत आला. त्याने राउटर बंद करून चालू केला, इंटरनेट कंपनीला बोल लावले, मग मोर्चा माझ्याकडे वळवला. "हाच मेलेला दिसतोय. तरी म्हटलं होतं, तो मोठा घेऊ!"

"मेलेला असा नाचतो का?" वहिनी माझ्यासमोर येऊन उभी राहिली. "सगळे दिवे एका तालात? हे काहीतरी वेगळं आहे." तिने एक वायर उपटली आणि दिव्यांकडे बघितले. फरक नाही. ती परत लावली, दुसरी उपटली. फरक नाही. मग तिसरी ओढली आणि मित्रांनो, माझा जीव भांड्यात पडला! वादळ थांबले. दिवे नेहमीसारखे सावकाश लुकलुकू लागले.

वहिनी त्या वायरीवरून बोट फिरवत फिरवत निघाली. बोट टेबलाखाली गेले, वर आले आणि परत माझ्यापाशी येऊन थांबले.

"अहो, ही वायर इथूनच निघून इथेच शिरलीय! कुणी लावली?"

 मग नाना खाकरले. "मी. लोंबत होती."

"म्हणून यातच लावली?"

"मग कुठे लावू? एक भोक रिकामं, एक टोक रिकामं. दोघांची सोय लावून दिली!"

काखेत कळसा आणि गावाला वळसा! भाऊने कपाळावर हात मारला. वहिनीने तोंडाला पदर... छे, हातातली वायरच लावली. आणि तेवढ्यात ताई हसली.

आधी ते खोकल्यासारखे वाटले. मग ते खोलवरून वर आले, जड कपाट फरशीवरून सरकवावे तसे घरघरत, आणि एकदम फुटले. हा हा हा हा! ओठ मिटायला तिला सवडच मिळाली नाही. नानांचा गोरामोरा चेहरा बघून ती आणखी हसली. भिंतीला टेकली, पोट धरले, तरी थांबेना. खिडकीची काच थरथरली म्हणतात, ते काही मी पाहिले नाही, पण माझा पत्रा मात्र झणझणला.

खोलीचे दार उघडे होते. माइक चालू होता. आणि आमची जोडणी केव्हाच परत जुळली होती. टेबलावरच्या हेडफोनमधून बारीक बारीक आवाज येत होता. मुले हसत होती. सगळी मुले, खदाखदा.

भाऊने धावत जाऊन तिकडचा आवाज मोठा केला.

"अहो, कोण हसलं ते?" दिग्दर्शिका विचारत होती. "कोण आहे तिथे?"

ताई दारात थबकली. कुणीतरी उत्तर देईल म्हणून तिने सगळ्यांकडे बघितले. 

"मी," ती म्हणाली.

"ती राक्षसीण आहे का?" तिकडून एका मुलीने हळूच विचारले.

"राक्षसीणच मिळत नाहीये मला कधीपासून!" दिग्दर्शिका म्हणाली. "जी येते ती नुसती ओरडते. हसत कुणीच नाही. तुम्ही आधी का नाही सांगितलंत?"

"पण माझा आवाज फाटलाय."

"मग राक्षसिणीचा कसा असतो?"

ताईने घसा साफ केला. मग बहुधा तिच्या लक्षात आले, की तो साफ करायची काही गरज नाही. ती खुर्चीवर बसली, माइक ओढून घेतला आणि त्याच जाड्या, खरखरीत आवाजात म्हणाली, "कोण जांभई देत होतं रे मघाशी? त्यालाच खाते आधी!"

तिकडे जी किंकाळी आणि जो हशा उठला, तो सगळा माझ्यातून आला. मित्रांनो, इतके आनंदाचे ओझे मी त्याआधी कधी वाहिले नव्हते. बाहेर नाना स्टुलावर बसले आणि माझी धूळ पुसायच्या फडक्यानेच त्यांनी डोळे पुसले. वहिनीने त्यांना चांगला रुमाल आणून दिला.

राक्षसीण मुलांना इतकी आवडली, की राजकन्या मागे पडली. पुढे ताईने अस्वले केली, समुद्रातले म्हातारे कासव केले, एक चिडका डोंगरही केला. माझे आठही पोर्ट भरले. आता माझे दोन दिवे मंद झालेत, रंगही उडाला आहे. भाऊ अधूनमधून म्हणतो की याला आता बदलू या. वहिनी म्हणते, चालतोय तोवर चालू दे.

तेव्हा मित्रांनो, या म्हाताऱ्याचे एवढे ऐका. आमच्यापैकी कुणाला घरी न्याल तेव्हा मोठेपणाला भुलू नका, आपले काम काय ते आधी बघा. आम्हाला वारा लागू द्या, रुमाल घालू नका. लोंबती वायर दिसली, तर ती कुणाची ते विचारा, मगच हात लावा. सगळे एकदम बंद पडले तर ओरडाआरडा न करता एक एक वायर काढून बघा.

आणि तुमच्या घरात कुणी बरेच दिवस गप्प असेल, तर त्याचा जुना आवाज परत मागू नका. जवळ बसा, थट्टा करा, हसवा. जो आवाज येईल तो ऐका. ताईची चिमणी परत आली नाही, आणि आता आमच्या घरात कुणी तिची वाटही बघत नाही. आता राक्षसिणीची वेळ झाली आहे, आणि बोळात सगळे दाराला कान लावून बसले आहेत.